दुसऱ्याच्या शिवारातून चालताना

विसाव्यासाठी माणूस परगावी जातो तेव्हा तो तेथे कोण असतो? पाहुणा, गिऱ्हाईक, की नुसता येणारा-जाणारा? वरवर पाहता हा प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटत नाही. सुटीचे दोन दिवस, स्वच्छ हवा, थोडी पायपीट, रात्री चांदण्यांनी भरलेले आकाश. यात नीतीचा प्रश्न आला कोठून, असे कोणीही विचारील. परंतु ज्या भूमीवर आपण विसावा घ्यायला जातो ती रिकामी नसते. तेथे कोणाची तरी खाचरे असतात, कोणाची गुरे चरत असतात, कोणाच्या चुलीचे सरपण तेथूनच येत असते. आपला विसावा दुसऱ्याच्या संसारातून वाट काढीत जातो. म्हणून त्या वाटेवर आपला अधिकार किती आणि आपले देणे काय, याचा विचार करणे प्राप्त होते.

आपल्या धर्मग्रामांतील युवक मंडळे आणि कुटुंबे आता केवळ तीर्थयात्रेलाच जातात असे नाही. डोंगरपायथ्याच्या एखाद्या साध्या वसतिगृहात मुक्काम करायचा, सकाळी भाकरी बांधून घेऊन निघायचे, दिवसभर चालायचे आणि संध्याकाळी परतायचे, अशा सहलीही होऊ लागल्या आहेत. ही गोष्ट चांगलीच आहे. आठवडाभर लोकलच्या डब्यात उभे राहून प्रवास करणाऱ्या माणसाला आपल्या पायांची आठवण होणे, मुलांना नाचणीचे रोप आणि भाताचे रोप यांतला फरक कळणे, नवरा-बायकोला दोन तास सलग बोलायला मिळणे, यांचे मोल कमी लेखता येणार नाही. या लेखाचा रोख चालण्यावर नाही. चालणाऱ्याने स्वतःला काय समजावे, एवढाच येथे प्रश्न आहे.

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, सावरोली-खारपाडा रस्त्याच्या परिसरात कुंभिवली नावाचे गाव आहे. नाव ऐकताच कुंभ्याच्या झाडाची आठवण व्हावी. गावाच्या उत्तरेला माथेरान, प्रबळ आणि इर्शाळ यांचे डोंगर. पूर्वेला खंडाळ्याच्या बाजूची सह्याद्रीची भिंत. मध्ये भातखाचरे, त्यांच्या वर गवताच्या वरकस जमिनी आणि उतारांवर आदिवासींच्या दळ्या. इंग्लंडातील लोक ज्या उघड्या, झाडे विरळ असलेल्या उंचवट्यांना ‘मूर’ म्हणतात आणि सुटीत जेथे चालायला जातात, त्यांच्याशी आपल्याकडचे नाते सांगायचे तर ते या वरकस माळांशीच सांगावे लागेल. पावसाळ्यात हे माळ हिरवेगार असतात, दिवाळीनंतर सोन्यासारखे पिवळे पडतात आणि फाल्गुनात करपून जातात.

या परिसराचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच तालुक्यातून जातो. त्या रस्त्यावर पायी चालायला मनाई आहे. उलट इर्शाळच्या चढावर पायांवाचून दुसरे साधनच नाही. म्हणजे ज्या रस्त्यावर चालता येत नाही तो आणि ज्या वाटेवर चालावेच लागते ती, या दोहोंच्या मध्ये हा मुलूख वसला आहे. शहरातून येणारा पहिल्या रस्त्याने येतो आणि दुसऱ्या वाटेवर आनंद शोधतो. येथे राहणाऱ्याला मात्र त्या दुसऱ्या वाटेवरच जन्म काढायचा असतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या दिवसांत आम्ही चार-पाच कुटुंबे या भागातील एका साध्या वसतिगृहात दोन रात्री राहिलो होतो. झोपायला सतरंज्या, अंघोळीला बंबातले पाणी, जेवण झाल्यावर प्रत्येकाने आपले ताट आपण विसळायचे, असा तेथला शिरस्ता. भाताची कापणी उरकत आली होती. दुसऱ्या दिवशी माळावरून जाताना समोरून एक म्हातारी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन आली. वाट अरुंद होती. आमची मुले वाटभर पसरून चालत होती, म्हणून तीच मोळीसकट बाजूच्या गवतात उतरून उभी राहिली. जाता जाता तिने विचारले, “कुणाकडे चाललात, दादा?”

आमच्यापैकी एकाने उत्तर दिले, “कुणाकडे नाही आजी, असेच फिरायला.”

तिला ते नीटसे उमगले नसावे. ती क्षणभर थांबली, हसली आणि मोळी सावरून निघून गेली. पण तिने प्रश्न कसा विचारला होता ते पाहा. ‘कुठे चाललात’ असे न विचारता तिने ‘कुणाकडे’ असे विचारले. तिच्या जगात चालणे म्हणजे कोणाकडे तरी जाणे. लेकीकडे, सावकाराकडे, मुकादमाकडे, दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे. कोणाकडेही न जाता चालत राहणे ही चैन आहे. ती चैन वाईट नाही. पण आपण चैन करीत आहोत, हे चालणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

त्याच दिवसांत याच वाटांवरून आणखी एक वर्ग चालत असतो. भाताची कामे संपली की कातकरी कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे घेऊन वीटभट्ट्यांकडे निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. एकच पायवाट, पण तिच्यावर तिघे जण तीन कारणांनी चालतात: एक विसाव्यासाठी, एक सरपणासाठी, एक उचल फेडण्यासाठी. यांतल्या पहिल्याने उरलेल्या दोघांना देखाव्याचा भाग समजणे, हा या प्रकरणातला पहिला धोका.

पायी चालणाऱ्याला आसरा देण्याची कल्पना जुनी आणि थोर आहे. आल्प्स पर्वतातील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४७० मीटर उंचीवर, संत बर्नार्ड यांनी १०५० च्या सुमारास एक आश्रयगृह उभारले. तेथील व्रतस्थ आजही वाटसरूंना आसरा देतात. पोप अकरावे पायस स्वतः कसलेले गिर्यारोहक होते; त्यांनी १९२३ साली या संताला गिर्यारोहकांचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. अलीकडच्या काळातील उदाहरण जर्मनीचे. रिचर्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर १९०९ च्या ऑगस्ट महिन्यात विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळात सापडले आणि त्यांना एका गावच्या शाळेत रात्र काढावी लागली. सुटीत ओस पडणाऱ्या शाळा पायी हिंडणाऱ्या मुलांसाठी का उघडू नयेत, असा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आला. त्यातूनच आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात पहिले युवा वसतिगृह सुरू झाले आणि ती कल्पना जगभर पसरली. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. आसरा देणाऱ्याने दार उघडले ते पाहुण्याची गरज पाहून. पाहुणा गरजवंत होता. थंडीने गारठलेला वाटसरू किंवा पावसात भिजलेली गिरणीगावची, खाणगावची पोरे, यांच्यासाठी ती दारे उघडली गेली.

चालण्याच्या हक्कासाठी झालेला लढाही गरिबांचाच होता. इंग्लंडात मॅंचेस्टर आणि शेफील्ड या शहरांमधील कामगारांना रविवारी धुरापासून दूर माळांवर चालायला जावेसे वाटे. परंतु ते माळ बड्या जमीनदारांनी शिकारीचे पक्षी पाळण्यासाठी राखून ठेवले होते आणि त्यांवर पहारेकरी नेमले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी काहीशे तरुण कामगार बेनी रॉथमन या विशीतल्या तरुणाच्या पुढारीपणाखाली किंडर स्काउट नावाच्या माळावर मनाई मोडून चढले. पहारेकऱ्यांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगात जावे लागले. पुढे १९५१ साली तोच प्रदेश इंग्लंडातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाला आणि २००० सालच्या कायद्याने अशा मोकळ्या माळांवर चालण्याचा हक्क सर्वांना मिळाला.

ही कथा वाचून आपलेही मन भारावते. डोंगर सर्वांचे आहेत, वारा सर्वांचा आहे, मग मला कोण अडवणार, असे आपणही म्हणू लागतो. पण येथे थोडे थांबले पाहिजे. किंडर स्काउटवर चढणारा कामगार गरीब होता आणि माळाचा धनी श्रीमंत होता. कर्जत-खालापुरात नेमके उलट आहे. येथे माळावर चढणारा शहरातून मोटारीने आलेला आहे आणि माळावर राहणाऱ्याच्या नावावर पुष्कळदा घराखालची जमीनही नाही. दुबळ्याने बलवंताविरुद्ध मिळवलेला हक्क बलवंताने दुबळ्यापुढे मिरवावा, यात न्याय नाही. हक्काचे शब्द तेच राहिले तरी ते कोणी कोणाला ऐकवावेत, यावर त्यांची नीती अवलंबून असते.

फिरायला गेलेला माणूस पाहता पाहता धनी कसा होतो, याचे उदाहरण शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौक गावाहून सहज माथेरानचा डोंगर चढून गेले. जागा त्यांना आवडली. पुढे तेथे बंगले उठले, ‘पॉइंट’ पडले आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने नेरळहून छोटी आगगाडीही वर पोचली. आपण म्हणतो की मॅलेटसाहेबांनी माथेरान शोधून काढले. ते डोंगर चढले तेव्हा ठाकर, कातकरी आणि धनगर तेथल्या वाटा तुडवीत होते. पण ज्यांच्या पायांनी त्या वाटा पडल्या होत्या त्यांची नावे त्या पॉइंटांना मिळाली नाहीत.

माथेरानने एक गोष्ट मात्र चांगली सांभाळली. मोटारींना तेथे बंदी राहिली. पण त्या बंदीच्या पोटातही एक काटा होता. ज्याला चालायचे नसे तो माणसाने ओढलेल्या रिक्षात बसे. एकाचा विसावा दुसऱ्याच्या छातीच्या भात्यावर चाले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत असल्याचे सांगून सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना करण्याचा आदेश दिला. आपल्या तिसऱ्या आज्ञेत विसाव्याचा दिवस केवळ घरधन्यासाठी सांगितलेला नाही. दास, दासी, परका आणि बैल यांनाही तो दिलेला आहे. दुसऱ्याचा विसावा हिरावून घेतलेला विसावा त्या आज्ञेत बसत नाही. वसतिगृहात आपले ताट आपण विसळण्याचा शिरस्ता क्षुल्लक वाटतो खरा, पण त्यामागे हीच समज आहे.

मग परक्या शिवारातून जाणाऱ्याचा अधिकार नेमका किती? याचे मोजमाप जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात, तेविसाव्या अध्यायाच्या अखेरीस, फार नेमके सापडते. तेथील नियमाचा आशय असा: शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यातून जाताना पोटभर द्राक्षे खाण्यास हरकत नाही, पण ती भांड्यात भरून नेऊ नयेत, शेजाऱ्याच्या उभ्या पिकातून जाताना हाताने कणसे खुडावीत, पण पिकाला विळा लावू नये. प्रभू येशूचे शिष्य शब्बाथाच्या दिवशी शेतातून जाताना कणसे मोडून खाऊ लागले तेव्हा परूश्यांनी आक्षेप घेतला तो शब्बाथ मोडल्याचा. त्यांना चोर कोणी म्हटले नाही, याचे कारण हाच नियम होय.

या नियमाचे शहाणपण पाहण्याजोगे आहे. तो वाटसरूला हाकलून लावीत नाही. शेतधन्यालाही तो सांगतो की, तुझे शेत तुझे असले तरी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या भुकेपुढे कुंपण घालू नकोस. त्याच वेळी तो वाटसरूला सांगतो की, तुझा अधिकार तुझ्या मुठीएवढा आणि आजच्या भुकेएवढा आहे. भांडे आणले की उद्याची तजवीज आली. विळा आणला की मालकी आली. पाहुणेपण आणि लूट यांच्यामधली सीमारेषा शिवाराच्या बांधावर नाही, ती पाहुण्याच्या हातातील वस्तूवर आहे.

आज कर्जत-खालापुरात आपल्या हातात काय असते? पाण्याची बाटली आणि शिदोरी असेल तर ठीक. पण दोन दिवस चालून मन रमले की तिसऱ्या दिवशी मनात येते, येथे आपली थोडी जागा असती तर किती बरे झाले असते! ही इच्छा समजण्यासारखी आहे आणि रीतसर जमीन घेणे हे पापही नव्हे. पण तिच्यामागोमाग काय येते, हे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. प्रथम तारेचे कुंपण येते, मग भिंत, मग फाटक, मग परवानगीशिवाय आत येऊ नये अशी पाटी. ज्या पायवाटेने चालत येऊन आपल्याला ती जागा आवडली, नेमकी तीच पायवाट त्या कुंपणाने तुटते. सरपणाला, पाण्याला, शेवळे-टाकळा आणायला जाणाऱ्या बायकांना मग मोठा वळसा पडतो.

मराठीत ‘वहिवाट’ हा फार सुंदर शब्द आहे. वाट वापराने होते आणि वापराने टिकते, हे त्यात आले. कायद्यालाही ते मान्य आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षे अखंड आणि हक्काने वापरलेल्या वाटेची दखल घेतलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदाराला दुसऱ्याच्या बांधावरून वाट देता येते. पण ती मागता येते कोणाला? ज्याच्याकडे जमीन आहे त्याला. शेताकडे जाणारी वाट अडली तर शेतकरी या कलमाखाली अर्ज करू शकतो. ज्या म्हातारीकडे शेतच नाही, डोक्यावर फक्त मोळी आहे, तिने कोणते कलम दाखवावे? तिची वाट केवळ लोकांच्या चांगुलपणावर उभी असते. आणि जो चांगुलपणा पिढ्यान्‌पिढ्या टिकला, तो एका खरेदीखताने संपू शकतो.

वाटेचीच नव्हे, घराचीही हीच कथा आहे. कातकरी समाजाची गणना महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. त्यांच्या अनेक वाड्या पूर्वापार दुसऱ्यांच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. शेतीला मजूर हवे होते तोवर त्यांना कोणी उठवले नाही. जमिनीला भाव आला तशी हात हवेत ही गरज सरली आणि नुसती जमीन हवी झाली. कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी रायगडमधील अशा वाड्यांच्या प्रश्नावर काम केले. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचे या विषयावरील पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले. एखाद्या सुटीच्या घराचा पाया खणताना दुसऱ्याच्या घराचा पाया उखडला जात नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी दलालाची नाही, ती घेणाऱ्याची आहे. सात-बारा कोरा असला म्हणजे सदसद्विवेकबुद्धीचा उतारा कोरा असतो असे नाही.

यावर कोणी म्हणेल, “आम्ही जमीन घ्यायला जात नाही. दोन दिवस जातो, राहण्या-जेवण्याचे पैसे देतो आणि परत येतो. मग आमचे देणे उरले कोठे?” हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. पैसे देणे हे योग्यच आहे. कर्जतकडून कोंढाण्याच्या लेण्यांवरून राजमाचीला चढणारे लोक वर उधेवाडीत गावकऱ्यांच्या घरी उतरतात. कोथळीगडाच्या खाली पेठ गावातही पिठले-भाकरीची सोय होते. त्या पैशाने घराला हातभार लागतो. घासाघीस न करता, सांगितलेला दर आनंदाने देणे ही पहिली नीती. डोंगरावर सिलिंडर आणि किराणा पाठीवरून किंवा अवघड रस्त्याने वर न्यावा लागतो, हे ज्याला ठाऊक आहे तो शहरातल्या खानावळीशी तुलना करणार नाही.

परंतु पैशाने ताटाची किंमत चुकते होते, दाराची होत नाही. परक्या माणसाला आपल्या ओटीवर निजू देणे, रात्री वाट चुकलेल्याला हाक देणे, ओढ्याला पाणी आहे तेव्हा पुढे जाऊ नका असे सांगणे, यांचा दर कोणत्याही फलकावर लिहिलेला नसतो. पावसाळ्यात धबधब्यांवर बुडालेल्या पर्यटकांना शोधायला याच गावांतील तरुण उतरतात. हे देणे पैशाने फिटणारे नाही. ते ओळखीने आणि पाठीशी उभे राहण्याने थोडेफार फेडता येते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री याचीच कठोर परीक्षा झाली. इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वाडी मुसळधार पावसात दरडीखाली गाडली गेली. तेथे पोचायला रस्ता नव्हता. होती ती फक्त पायवाट. खोदकामाची यंत्रे वर नेता आली नाहीत. बचाव पथकांचे जवान आणि डोंगरवाटा ठाऊक असलेले गिर्यारोहक पावसात, अंधारात चढत गेले आणि हातातल्या पहारी-फावड्यांनी माती उपसू लागले. वर जाताना एका अग्निशमन अधिकाऱ्याने वाटेतच प्राण सोडला. सत्तावीस मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला तेव्हा सत्तावन्न माणसे बेपत्ता होती. त्यांच्यासाठी तो डोंगरच दफनभूमी झाला. वाचलेल्यांसाठी पुढे चौकजवळ सिडकोने घरे बांधली.

ही वाडी अनेक गिर्यारोहकांच्या परिचयाची होती. गडावर जाताना तेथे थांबून पाणी प्यायलेले, चहा घेतलेले, जेवलेले किती तरी लोक मुंबईत आणि पुण्यात असतील. ज्या वाटेची दुर्गमता त्यांना मोहक वाटे, तीच दुर्गमता त्या रात्री वाडीला भोवली. म्हणून ती वाट मोहक वाटणे हा गुन्हा ठरत नाही. पण ज्याला त्या वाटेचा आनंद मिळाला त्याच्यावर ती वाट कोणासाठी काय आहे हे जाणण्याचे ऋण येते. दुर्गम गावाला रस्ता हवा, दवाखाना हवा, सुरक्षित जागा हवी, असे गावकरी म्हणतात तेव्हा “मग इथली शांतता जाईल” असे म्हणून हळहळणारा पाहुणा स्वतःच्या दोन दिवसांसाठी दुसऱ्याचे तीनशे त्रेसष्ट दिवस मागत असतो. त्याने गावासाठी बोलता येत असेल तर बोलावे. निदान गावाच्या मागणीच्या आड येऊ नये.

हे सारे समजायला आपल्याला फार कल्पनाशक्ती लागू नये. आपल्यापैकी पुष्कळ जण वसईच्या वाड्यांत वाढले आहेत. रविवारी मुंबईहून येणारी माणसे आपण लहानपणापासून पाहिली आहेत. काही जण विहिरीवर पाणी मागत, घरच्या माणसांची विचारपूस करीत, केळी विकत घेऊन जात. त्यांची आपण पुढच्या वर्षी वाट पाहत असू. काही जण समुद्रकिनाऱ्यावर बाटल्या फोडून जात, वाडीत शिरून शहाळी उतरवीत आणि हटकले तर पैशाचा रुबाब दाखवीत. पुढे त्यांच्यामागून बिल्डर आले, विहिरींचे पाणी टँकरने गेले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हरित वसईची चळवळ उभी करावी लागली. आपण यजमान असताना आपल्याला जे बोचले, ते पाहुणे झाल्यावर आपल्या हातून होऊ नये. इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे, ही शिकवण आपण तोंडपाठ म्हणतो. वसईच्या माणसाला ती कर्जत-खालापुरात आचरणात आणण्याची चांगली संधी आहे, कारण बांधाच्या दोन्ही बाजू त्याने अनुभवलेल्या आहेत.

प्रत्यक्षात करायचे काय? फार मोठे काही नाही. ज्या गावात मुक्काम करायचा त्या गावच्या माणसाला विचारून वाट धरावी आणि शक्यतो तेथलाच वाटाड्या योग्य मेहनताना देऊन सोबत घ्यावा. उभ्या पिकातून, कापून ठेवलेल्या गवतातून जाऊ नये. ते गवत कोणाच्या तरी वर्षाची कमाई असते. समोरून डोक्यावर ओझे घेऊन येणाऱ्याला वाट द्यावी. ज्याचे हात मोकळे आहेत त्याने गवतात उतरावे. घराची, बायकांची, लेकरांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. कचरा परत न्यावा. आणि एखाद्या गावात एकदा गेलो तर पुन्हा त्याच गावात जावे. दरवर्षी नवे ठिकाण पाहण्यापेक्षा जुन्या ठिकाणी ओळख वाढवणे हे चालण्याच्या हेतूला अधिक धरून आहे. दुसऱ्या वर्षी नावे कळतात, तिसऱ्या वर्षी सुखदुःखे कळतात. मग ‘कुणाकडे चाललात’ या प्रश्नाला आपल्याकडेही उत्तर असते.

पालकांनी याबाबत मुलांशी बोलावे. मुलांना डोंगर दाखवताना आपण झाडांची, पक्ष्यांची नावे सांगतो. तशीच त्या डोंगरावर राहणाऱ्यांच्या जगण्याची हकीकत सांगावी. वरकस कशाला म्हणतात, दळी म्हणजे काय, दिवाळीनंतर वाडीतली मुले शाळेतून का गळतात आणि वीटभट्टीवर त्यांचे दिवस कसे जातात, हे ऐकलेले मूल मोठेपणी त्या भूमीकडे केवळ विकाऊ जमीन म्हणून पाहणार नाही, अशी आशा करण्यास जागा आहे.

शेवटी आपण सारेच या भूमीवर थोड्या काळाचे मुक्कामी आहोत, असे आपली श्रद्धा सांगते. हे वाक्य अनेकदा केवळ मरणाच्या संदर्भात उच्चारले जाते. पण त्याचा खरा उपयोग जगताना आहे. जो स्वतःला मुक्कामी समजतो तो भिंती घालण्याची घाई करीत नाही, यजमानाच्या झोपेची काळजी घेतो आणि निघताना जागा झाडून ठेवतो. आपल्या घरीदारी हे भान ठेवणे कठीण जाते. तेथे आपल्याला मालक असण्याची सवय झालेली असते. दुसऱ्याच्या शिवारातून, पाठीवर एक पिशवी आणि हातात एक काठी घेऊन चालताना ते सोपे होते. पायी सहलीतून घरी आणण्यासारखे दुसरे काही नसले तरी चालेल. एवढे भान आणता आले तर त्या मुक्कामाचे सार्थक झाले असे समजावे.